लिंकन-डग्लस ते आजच्या टीव्ही डिबेट्स: नेमकं काय हरवलं?

पोटमाळा

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष उजाडलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "कुठे ते लिंकन आणि डग्लस, आणि कुठे ही आजची तू-तू मैं-मैं!" असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी १८५८मध्ये या दोघांनी गुलामगिरीवर एकाच मंचावरून घातलेल्या त्या सात वादसभांचे वृत्तांत उघडून पाहिलेत, याची मला दाट शंका आहे. मध्यंतरी मी ते सलग वाचून काढले. माझं मत असं झालंय की सभ्यता वगैरे काही हरवलेली नाही, ती तेव्हाही यथातथाच होती. हरवलंय ते दुसरंच. समोरच्या उमेदवाराला स्वतः प्रश्न विचारायचा आणि उत्तर पदरात पडेपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही, ही जी मुभा तेव्हा होती ती गेली.

आधी थोडी पार्श्वभूमी. इलिनॉयमधली सिनेटची एक जागा. एका बाजूला स्टीफन डग्लस, विद्यमान सिनेटर, देशभर नाव असलेला डेमोक्रॅट. दुसऱ्या बाजूला नव्या रिपब्लिकन पक्षाचा, स्प्रिंगफिल्डचा वकील अब्राहम लिंकन. गंमत म्हणजे मैदानात तासन्‌तास उभं राहून ऐकणाऱ्यांपैकी एकालाही या दोघांना मत देता येणार नव्हतं. सिनेटर तेव्हा राज्याचं विधिमंडळ निवडायचं. ही पद्धत १९१३च्या घटनादुरुस्तीपर्यंत चालली. लोक मत देणार होते ते आपापल्या भागातल्या विधिमंडळाच्या उमेदवाराला.

सुरुवातही फारशी उदात्त नव्हती. डग्लस जिथे बोलेल तिथे लिंकन मागोमाग जाऊन त्याला उत्तर द्यायचा. याला स्वतःची गर्दी जमवता येत नाही, अशी डेमोक्रॅट वृत्तपत्रांनी त्याची टर उडवली. मग २४ जुलैला लिंकनने एकत्र बोलण्याचा प्रस्ताव धाडला. अनोळखी माणसाला आपल्या मंचावर उभं करण्यात डग्लसचा फायदा शून्य होता. आजही आघाडीवरचा उमेदवार डिबेटला काचकूच करतो ती याच हिशेबाने. पण नाही म्हणावं तर पळपुटा ठरणार. मग त्याने अटी घातल्या. राज्यात काँग्रेसचे नऊ मतदारसंघ. शिकागो आणि स्प्रिंगफिल्डमध्ये दोघांची भाषणं होऊन गेलेली, म्हणून उरलेल्या सातांत एकेक सभा. पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास, शेवटी पुन्हा पहिला अर्धा तास. सातपैकी चार वेळा पहिला आणि शेवटचा शब्द डग्लसचा. लिंकनने पत्रात ही मेख नोंदवली आणि तरीही होकार दिला.

आता सभ्यतेचं पाहू. २१ ऑगस्टला ओटावाच्या पहिल्याच सभेत डग्लसने गुलामगिरीविरोधी असा एक जहाल ठराव वाचून दाखवला. हा १८५४ साली स्प्रिंगफिल्डला झाला आणि त्यात लिंकनचा हात होता, असा त्याचा दावा. लिंकनला तिथल्या तिथे 'माझा याच्याशी संबंध नाही' याखेरीज काही म्हणता आलं नाही. सहा दिवसांनी फ्रीपोर्टला तो तयारीनिशी आला. दरम्यान उघड झालं होतं की तो ठराव स्प्रिंगफिल्डचा नव्हताच, तो ऑरोराच्या एका वेगळ्याच बैठकीतला होता. लिंकनने हे डग्लसच्या तोंडावर सांगितलं आणि पुढे गेल्सबर्गलाही पुन्हा उकरून काढलं. ओटावाची सभा संपल्यावर समर्थकांनी लिंकनला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. डग्लसने पुढच्या गावी जाऊन सांगितलं की हा इतका घाबरला होता, की त्याला उचलून न्यावं लागलं! 'स्पिन' काय आजच जन्माला आलेला नाही.

आणि गर्दी? वृत्तांतांत कंसात गर्दीचे उद्गार दिलेत. "हाण त्याला आणखी" अशा आरोळ्या आहेत. फ्रीपोर्टला डग्लस रिपब्लिकनांचा उल्लेख 'काळे रिपब्लिकन' (म्हणजे काळ्यांच्या बाजूचे) असा मुद्दाम करत होता, आणि दर वेळी समोरून "गोरे, गोरे" असा गलका उठत होता.

तरीही या सभा वेगळ्या का, ते याच फ्रीपोर्टच्या सभेत दिसतं. ओटावाला डग्लसने लिंकनला सात प्रश्न टाकले होते. लिंकनने फ्रीपोर्टला त्यांची एकेक करून उत्तरं दिली आणि आपले चार प्रश्न पुढे ठेवले. त्यातला दुसरा प्रश्न इतिहासात गेला. अजून राज्य न झालेल्या प्रदेशातल्या लोकांना, राज्यघटना बनण्याआधी, आपल्या हद्दीतून गुलामगिरी कायदेशीरपणे हद्दपार करता येईल का? पेच असा की १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयाने, असं करता येणार नाही, असं म्हटलेलं. आणि डग्लसचं सगळं राजकारण 'तिथल्या लोकांना ठरवू द्या' या एका सूत्रावर उभं. हो म्हणावं तर दक्षिण बिथरणार, नाही म्हणावं तर इलिनॉय हातचं जाणार. डग्लस म्हणाला, न्यायालय काहीही म्हणो, स्थानिक पोलिसी नियमांचा आधार नसेल तर गुलामगिरी कुठेही एक दिवसही टिकणार नाही. इलिनॉयपुरतं हे भागलं. जानेवारी १८५९मध्ये विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी त्यालाच पुन्हा सिनेटवर पाठवलं. पण १८६०मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष फुटला तेव्हा दक्षिणेच्या मनात ज्या गोष्टी होत्या त्यांत हे उत्तर ठळक होतं. असं उत्तर आपण याआधीही दिलंय, हे डग्लसने तिथेच सांगितलं होतं. म्हणजे लिंकनने काही गौप्यस्फोट घडवला नव्हता. त्याने ते उत्तर जाहीर मंचावर, लघुलेखकांसमोर वदवून घेतलं आणि पुढच्या सभांत पुनःपुन्हा त्याची चिरफाड केली.

आता थेट २००४ला येऊ. बुश आणि केरी या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या प्रचार-चमूंनी डिबेट्ससाठी ३२ पानांचा करार केला होता. पोडियमची उंची मंचापासून ५० इंच असेल, हे त्यात आहे. (लिंकन आणि डग्लस यांच्या उंचीत तब्बल एका फुटाचा फरक होता.) पण खरं कलम वेगळंच आहे. उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचे नाहीत. उत्तराची अपेक्षा नसलेले आलंकारिक प्रश्न मात्र चालतील! डिबेट नावाच्या कार्यक्रमात वाद घालायला लेखी बंदी. मग उरतं काय, तर दोन उमेदवारांची शेजारी शेजारी चाललेली पत्रकार परिषद. प्रश्न पत्रकाराचा, उत्तराला दोन मिनिटं, प्रतिवादाला त्याहून कमी, की चालले पुढच्या विषयाकडे.

टीव्हीमुळे हे झालं असं म्हणणारे म्हणतात, पण मला ते पटत नाही. तुमची मतं वाचायला आवडतील.

उपटसुंभ

धागा झकास. वाचनखूण साठवली आहे.

आजच्या उमेदवाराला सलग दीड तास बोलू दिलं तर पहिल्या दहा मिनिटांत मुद्दे संपतील आणि उरलेली ऐंशी मिनिटं तो स्वतःचं कौतुक करेल. त्यामुळे दोन मिनिटांची मर्यादा ही श्रोत्यांवरची दया समजावी.

अर्धविराम

लेख आवडला, पण एक गोष्ट निसटली आहे. ज्या वृत्तांतांवर हे सगळं उभं आहे, ते तरी कितपत भरवशाचे?

दोन्ही बाजूंची वृत्तपत्रं आपापले लघुलेखक घेऊन आली होती. 'शिकागो प्रेस अँड ट्रिब्यून' लिंकनच्या बाजूचं, त्यांचा रॉबर्ट हिट. 'शिकागो टाइम्स' डग्लसच्या बाजूचं. आपल्या माणसाची वाक्यं घासूनपुसून छापायची आणि समोरच्याची अडखळण जशीच्या तशी ठेवायची, असा आरोप दोघांनीही एकमेकांवर केला. ध्वनिवर्धक नाही, उघडं मैदान, गेल्सबर्गला तर बोचरा वारा. लेखकाला नीट ऐकू तरी किती आलं असेल! पुढे लिंकनने आपल्या भाषणांची ट्रिब्यूनमधली आणि डग्लसच्या भाषणांची टाइम्समधली कात्रणं एका वहीत चिकटवली, आणि त्यावरून १८६०मध्ये ओहायोतल्या कोलंबसहून पुस्तक निघालं. म्हणजे आपण आज वाचतो ते दोघांच्याही 'घरच्या' आवृत्तीतलं. वाक्यं इतकी गोळीबंद का वाटतात, याचं थोडं श्रेय मुद्रितशोधकांना द्या.

पोटमाळा

@अर्धविराम, मोलाची भर. यात एक भर माझीही. त्या पुस्तकात डग्लसची भाषणं त्याच्याच बाजूच्या वृत्तपत्रातून घेतली, हा शहाणपणा होता. नाहीतर निवडणुकीच्या वर्षात 'विरोधकाचं बोलणं मोडतोड करून छापलं' म्हणून बोंब झाली असती. आणि मैदानातल्या दहा हजारांपेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत वाद पोचला तो छापील मजकुरातून. पुढच्या सभेला येणारा श्रोता मागच्या सभेत काय झालं ते वाचून आलेला असायचा. तो ऑरोराचा ठराव उघडा पडला तोही वर्तमानपत्रामुळेच.

निळी शाई

टीव्हीवर खापर फोडू नये, याला माझी +१. पण त्यासाठी १९६०च्या केनेडी-निक्सन अध्यक्षीय डिबेट्सचा उल्लेख हवा होता. त्यातही ती घासून गुळगुळीत झालेली गोष्ट बाजूला ठेवून.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: २६ सप्टेंबर १९६०, शिकागोचा स्टुडिओ, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखा वाटला आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी. तिचा उगम मुख्यतः सिंडलिंगर या कंपनीच्या पाहणीत आहे. त्यात रेडिओवाले श्रोते तीनशेसुद्धा नव्हते. शिवाय तेव्हा दहापैकी जवळपास नऊ घरांत टीव्ही आलेला. मग उरलेले रेडिओवाले कोण? बरेचसे ग्रामीण भागातले. ते आधीपासूनच निक्सनकडे झुकलेले असू शकतात, ही शंका अभ्यासकांनी १९८७मध्येच मांडली. तरी ती गोष्ट काही मरत नाही.

निक्सन त्या दिवशी खराब दिसत होता, हे मात्र खरं. गुडघ्याच्या संसर्गामुळे तो आधी रुग्णालयात होता, वजन उतरलेलं, सदरा गळ्याशी सैल. नीट मेकअप करून घ्यायला नकार दिला आणि दाढीच्या खुंटांवर नुसती पावडर लावली. दिव्यांखाली घाम फुटला तेव्हा सगळंच उघडं पडलं.

पण लोक पुढच्या तीन फेऱ्या विसरतात. दुसऱ्या फेरीत चीनच्या किनाऱ्याजवळच्या क्वेमॉय आणि मात्सू या दोन बेटांचा विषय निघाला. तैवानच्या ताब्यातली ही बेटं अमेरिकेने लढून राखावीत का? केनेडी म्हणाला, संरक्षणाची रेषा म्हणून ती सोयीची नाहीत. निक्सनने ते पकडलं, आणि तिसऱ्या फेरीत तोच विषय पुन्हा पेटला. त्या फेरीला निक्सन लॉस एंजेलिसमध्ये आणि केनेडी न्यूयॉर्कमध्ये होता, पडदा दुभागलेला. एक मुद्दा एका फेरीतून दुसऱ्या फेरीत ओढून नेणं टीव्हीवरही जमलं होतं. पोटमाळा, हे उदाहरण तुमच्याच बाजूचं आहे.

पोटमाळा

@निळी शाई, दंडवत घ्या ताई. याच्याही आधीचं एक उदाहरण रेडिओचं आहे. मे १९४८मध्ये ओरेगनच्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत) ड्यूई आणि स्टॅसन समोरासमोर आले. पूर्ण कार्यक्रमाला विषय एकच: कम्युनिस्ट पक्षावर कायद्याने बंदी घालावी का? स्टॅसन हो म्हणाला, ड्यूई नाही. ड्यूई मुळात सरकारी वकील राहिलेला माणूस, त्याने स्टॅसनच्या भूमिकेचे धागे सुटे केले आणि ओरेगन जिंकलं. आज नव्वद मिनिटांत अर्थव्यवस्था, सीमा, युद्ध, गर्भपात, हवामान असं सगळं कोंबतात.

तिरकी रेघ

मला या सगळ्या कौतुकाचीच अडचण होते आहे.

सात सभा, एकवीस तास, विषय गुलामगिरी. आणि ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न, त्यांच्यापैकी एकही मंचावर नाही. इलिनॉयमध्ये काळ्या माणसाला मताचा अधिकार नव्हता. १८५३च्या कायद्याने तर बाहेरच्या काळ्या माणसाला राज्यात येऊन राहायलाच बंदी केलेली. बायका गर्दीत होत्या, मतदार यादीत नव्हत्या. 'थेट प्रश्न विचारायची मुभा' होती म्हणता, पण ती कुणाला?

आणि त्या मुभेचं झालं काय ते इलिनॉयमधल्या चार्ल्स्टनला पाहा. डग्लस गावोगाव हाकाटी पिटत होता की लिंकनला काळ्या-गोऱ्यांची बरोबरी करायची आहे. फ्रीपोर्टला त्याने फ्रेडरिक डग्लस (गुलामगिरीतून सुटलेला काळा नेता, या डग्लसचा कुणी नव्हे) एका गोऱ्या तरुणीबरोबर बग्गीत बसून आल्याचं तिखटमीठ लावून सांगितलं. मग १८ सप्टेंबरला लिंकनने सुरुवातच अशी केली की, दोन वंशांत सामाजिक आणि राजकीय समता आणण्याच्या बाजूचा मी नाही आणि कधी नव्हतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पाठ सोडली नाही, म्हणून उमेदवार आणखी खाली उतरला. प्रश्न कोण विचारतो यापेक्षा समोर कोण बसलंय, उत्तर त्यावर ठरतं.

पोटमाळा

@तिरकी रेघ, चार्ल्स्टनचं भाषण मीही दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं. त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. तो दक्षिणेकडे झुकलेला भाग, श्रोते तसे, आणि लिंकनने त्यांना रुचेल ते दिलं.

पण हाच मुद्दा पुढे न्या. उत्तरेकडच्या, गुलामगिरीविरोधी गेल्सबर्गला डग्लसने नेमकं हेच बाहेर काढलं: हा उत्तरेत एक बोलतो आणि दक्षिणेत दुसरंच. लिंकनला त्याच मंचावर दोन्ही विधानांचा मेळ घालावा लागला. आणि शेवटी ऑल्टनला तो 'बरोबर आणि चूक यांचा चिरंतन संघर्ष' या मांडणीवर आला: तुम्ही राबा, कष्ट करा, भाकरी कमवा आणि ती मी खाईन, हे म्हणणारी वृत्ती राजाच्या तोंडची असो की एका वंशाची, ती एकच. चार्ल्स्टनने ते भाषण पुसलं जात नाही आणि या भाषणाने चार्ल्स्टनही. पण सात सभांमुळे दोन्ही लिंकन आपल्यासमोर आहेत. एकच सभा झाली असती तर कुठला मिळाला असता, ते केवळ गावावर अवलंबून होतं.

मंचावर कोण नव्हतं, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो आक्षेप उभाच राहतो.

मूकवाचक

नेहमी वाचनमात्र असतो, पण या विषयावर राहवलं नाही.

१९६० नंतर पुढची अध्यक्षीय डिबेट थेट १९७६ला झाली. सोळा वर्षांची खिंड! दूरसंचार कायद्याप्रमाणे एका उमेदवाराला वेळ दिला की किरकोळातल्या किरकोळ उमेदवारालाही तेवढाच द्यावा लागे. १९६०मध्ये काँग्रेसने तो नियम तात्पुरता स्थगित केला होता. १९६४ला जॉन्सनला डिबेट नकोच होती, नंतर दोन वेळा निक्सनला. १९७५ला पळवाट निघाली: कार्यक्रम दुसऱ्या कुणी भरवला आणि वाहिन्यांनी तो 'बातमी' म्हणून दाखवला तर नियम लागत नाही. म्हणून लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था यजमान झाली.

आता मासला पाहा. सप्टेंबर १९७६, फिलाडेल्फिया, फोर्ड विरुद्ध कार्टर. कार्यक्रम संपत आलेला आणि ध्वनियंत्रणा बंद पडली. २७ मिनिटं आवाज नाही. आणि त्या २७ मिनिटांत देशाचा अध्यक्ष आणि त्याचा प्रतिस्पर्धी आपापल्या पोडियममागे खांबासारखे उभे. एकमेकांशी अवाक्षर नाही, बसणं नाही. कॅमेरे चालूच. थेट बोलण्याची सवय मोडलेली असणं म्हणतात ते हे. लिंकन आणि डग्लस असते तर त्यांनी तेवढ्यात गुलामगिरीवर दोन फेऱ्या उरकल्या असत्या.

उपटसुंभ

खांबासारखे!! मी आत्ता ते चित्रीकरण शोधून पाहिलं. मला तर ती अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात सभ्य डिबेट वाटली.

अर्धविराम

@मूकवाचक, त्याच वर्षीची दुसरी फेरी मात्र पोटमाळांच्या सिद्धान्ताला छेद देते. ६ ऑक्टोबर १९७६. फोर्ड म्हणाला, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारे न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल चक्रावले. त्यांनी 'तुम्हाला खरंच असं म्हणायचंय का' या अर्थाचा उपप्रश्न टाकला, म्हणजे सावरायची संधीच दिली. फोर्डने पोलंड, रुमानिया, युगोस्लाव्हिया अशी नावं घेऊन खड्डा आणखी खणला. हे उमेदवाराने नाही, पत्रकाराने साधलं. पाठ सोडायची नाही हे महत्त्वाचं. सोडायची नाही कुणी, हे दुय्यम.

पोटमाळा

@अर्धविराम, मान्य, पण फ्रँकेलना तो उपप्रश्न विचारू दिला म्हणून. लीगने १९८८मध्ये अंग काढून घेतलं ते कशावरून, तर दोन्ही उमेदवारांच्या प्रचार-चमूंनी आपसात ठरवलेल्या अटी त्यांच्यापुढे सहीला ठेवल्या. मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही, असं लीगने जाहीरपणे म्हटलं. त्यानंतर सूत्रं गेली दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी १९८७मध्ये स्थापन केलेल्या आयोगाकडे. ज्यांनी वाद घालायचा त्यांनीच नियम लिहिले तर अवघड प्रश्न कुणाला हवा असणार?

वाटसरू

अमेरिकेबाहेर कुणीच जात नाहीये, म्हणून फ्रान्सचं लिहितो.

तिथे १९७४पासून अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीआधी उरलेले दोन उमेदवार एका टेबलाशी समोरासमोर बसतात. उत्तराला दोन मिनिटांची कात्री नाही. कुणी एकूण किती बोललं त्याचं घड्याळ चालतं आणि शेवटी दोघांचा वेळ साधारण सारखा भरवतात. पत्रकार असतात, पण वाहतूक नियंत्रणापुरते. उमेदवार एकमेकांशीच बोलतात, मध्येच तोडतात, आकडे विचारतात.

१९७४ला जिस्कार देस्तँ मितराँला म्हणाला, "हृदयाची मक्तेदारी काही तुमच्याकडे नाही." जिस्कार सव्वाचार लाखांच्या आसपास मतांनी जिंकला, आणि हा फरक या एका वाक्यानेच पडला असं खुद्द जिस्कारही मानायचा. १९८८ला मितराँ अध्यक्ष आणि शिराक त्याचाच पंतप्रधान. शिराक म्हणाला, आज रात्री मी पंतप्रधान नाही आणि तुम्ही अध्यक्ष नाही, आपण दोघं बरोबरीचे उमेदवार आहोत, म्हणून मी तुम्हाला नुसतं मस्य (श्रीयुत) मितराँ म्हणणार. त्यावर मितराँ शांतपणे: "तुमचं अगदी बरोबर आहे, पंतप्रधान महोदय."

असं उत्तर दोन पोडियममध्ये सूत्रधार उभा करून मिळत नाही. टीव्ही तोच, दिवे तेच. त्यामुळे दोष माध्यमाचा नाही या मताला माझा पाठिंबा. मात्र फ्रान्सलाही सोवळं समजू नका. २००२ला शिराकने ल पेन यांच्याशी डिबेट करायलाच नकार दिला होता.

निळी शाई

वाटसरू, सुंदर प्रतिसाद. ब्रिटनमध्ये पहिल्या नेत्यांच्या टीव्ही डिबेट्स थेट २०१०ला झाल्या. लिबरल डेमोक्रॅट्सचा नेता निक क्लेग पहिल्या रात्री चमकला, पाहण्यांत त्याचा पक्ष उसळला आणि निकालात जागा ६२च्या ५७ झाल्या. डिबेट जिंकणं आणि निवडणूक जिंकणं यांतलं अंतर मोजायला हे एक उदाहरण पुरे.

काजवा

मग डिबेटने काही फरक पडतो की नाही? २७ जून २०२४ची बायडेन-ट्रम्प डिबेट झाली आणि महिना उलटायच्या आत, २१ जुलैला बायडेननी माघार घेतली. इतका परिणाम तर लिंकन-डग्लसचाही नव्हता.

पोटमाळा

@काजवा, परिणाम झाला, पण कशाचा? त्या रात्री अटलांटाच्या स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, पाळी नसलेल्याचा माईक बंद, उत्तराला दोन मिनिटं. ही व्यवस्था आली २०२०च्या क्लीव्हलँडच्या गोंधळामुळे, जिथे ट्रम्प मध्ये मध्ये बोलत राहिले आणि बायडेन शेवटी "गप्प बसाल का" म्हणाले. गोंगाट बंद झाला खरा. पण २७ जूननंतर कुठल्या धोरणाबद्दल कोण काय म्हणालं, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नव्हतं. लोकांनी पाहिलं ते वय, हरवलेली नजर, अर्धवट सुटलेली वाक्यं. ती माहितीही मतदाराच्या कामाची असते, नाही असं नाही. तिला वाद मात्र म्हणता येत नाही. ते वैद्यकीय तपासणीच्या जास्त जवळचं होतं.

तिरकी रेघ

आणि वेळ वाढवला म्हणजे झालं, असंही कुणी समजू नये. नोव्हेंबर २०११मध्ये टेक्सासला न्यूट गिंगरिच आणि हर्मन केन या रिपब्लिकन उमेदवारीच्या दोन इच्छुकांनी 'लिंकन-डग्लस पद्धतीची' म्हणून गाजावाजा करून डिबेट केली. पत्रकारांचे प्रश्न नाहीत, भरपूर वेळ, एकमेकांना विचारायची मोकळीक. आणि दोघं जवळपास सगळ्यावर सहमत! हास्यविनोद करत कार्यक्रम आटोपला. दोघांचंही लक्ष एका तिसऱ्याच उमेदवारावर होतं. पोटमाळा, तुमची मुभा इथे पूर्ण दिलेली होती. वापरायची इच्छाच नव्हती.

पोटमाळा

@तिरकी रेघ, हे उदाहरण जबरी आहे. १८५८मध्ये जागा एक आणि माणसं दोन, तिसरीकडे पळायला वाट नव्हती. पंधरा जणांच्या प्राथमिक फेरीत ती मिळते. तेव्हा मुभेबरोबर अडचणही हवी, एवढी दुरुस्ती माझ्या मांडणीत करून घेतो.

काजवा

आपल्याकडे अशा डिबेट्स का होत नाहीत, यावर पण चर्चा करू या की.

अर्धविराम

नको! तो विषय काढला की हा धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल आणि त्यातल्या दोनशे नव्वदांचा विषयाशी संबंध नसेल. स्वतंत्र धागा काढा, तिकडे येतो.

मूकवाचक

अवांतर, पण कामाचं: अमेरिकेतल्या शाळांच्या वादस्पर्धांत 'लिंकन-डग्लस' नावाचा एक अधिकृत प्रकारच आहे. एकास एक. आधी सहा मिनिटांचं भाषण, मग लगेच तीन मिनिटं प्रतिस्पर्ध्याची उलटतपासणी, नंतर बाजू बदलून पुन्हा भाषण आणि उलटतपासणी. उलटतपासणी ऐच्छिक नाही. समोरच्याने प्रश्न विचारायचे आणि तुम्ही तिथल्या तिथे उत्तरं द्यायची.

उपटसुंभ

म्हणजे अकरावीच्या मुलांना सक्तीचं आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना करार करून माफ. त्या ३२ पानांच्या कराराचा मसुदा या मुलांना वाचायला दिला पाहिजे. त्यांनाही परीक्षेसाठी अशी काही कलमं सुचतील.

पोटमाळा

@मूकवाचक, हे मला माहीत नव्हतं, छान माहिती. एवढंच ऐकलंय की ही मुलं आता इतक्या वेगाने बोलतात की शब्द सुटे कळत नाहीत, कारण सुटलेला प्रत्येक मुद्दा प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जातो. परीक्षकांना म्हणे भाषणाची लेखी प्रत हातात ठेवूनच ऐकावं लागतं. त्याचं एखादं चित्रीकरण मिळालं तर इथे टाका, फ्रीपोर्टच्या वृत्तांताशेजारी ठेवून बघायला आवडेल.